चढ नाही गावात, जायचंय कळसूबाईला

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ४२, वजन ६४ किलो. भाऊ नाशिकला असतो. डिसेंबरच्या शेवटी चार दिवस रजा काढून त्याच्याकडे जायचं ठरलंय आणि भाचे मंडळींनी धोशा लावलाय, 'आत्या, या वेळी कळसूबाई!' आमच्याकडे नजर जाईल तिथवर कपाशी आणि तूर. शाळासुद्धा बैठी. मी रोज पहाटे डांबरी रस्त्यानं ४ किलोमीटर चालते, तेवढं पुरेल का? मागच्या वर्षी गिरडची टेकडी चढताना पिंडऱ्या भरून आल्या, उतरताना उजवा गुडघा दुखला आणि पुढचे दोन दिवस जिना उतरवत नव्हता. घरचे म्हणतात, सुट्टीच्या दिवशी वावरात राबतेस, वेगळा व्यायाम कशाला? हिंगणघाटला जिम आहे, तिथं नाव घालू का?

उत्तर : ताई, नुसत्या चालण्यानं भागणार नाही, पण जिमचीही गरज नाही. आजपासून तुमच्या हातात चौदा आठवडे आहेत. घरच्या घरी तयारी करायला तेवढे पुरतात.

आधी हिशेब मांडू. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. हे शिखर अकोले तालुक्यात आहे, म्हणजे नगरकडचं अकोले, आपलं अकोला नव्हे. पायथ्याचं बारी गाव मुळातच उंचावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढायचे साधारण साडेआठशे ते नऊशे मीटर. तुमच्या रोजच्या ४ किलोमीटरमध्ये चढ किती? जवळपास शून्य. म्हणून आजपासून किलोमीटर मोजणं सोडा आणि उंचीचे मीटर मोजा. घरातली पायरी साधारण १५ ते १७ सेंटीमीटरची असते, म्हणजे सहा पायऱ्या चढलात की एक मीटर झाला. स्लॅबवर जाणारा १८ पायऱ्यांचा जिना म्हणजे ३ मीटर. या मापानं कळसूबाई म्हणजे तो जिना तीनशे वेळा. आकडा ऐकून घाबरू नका, घरी एका दमात तीनशे करायचे नाहीत. डोंगरावर अख्खा दिवस हाताशी असतो, बसायला-टेकायला वेळ असतो. घरी एका बैठकीत त्याच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के जमलं, म्हणजे ३८०-४०० मीटर, तर बाकीचं त्या दिवशी निभतं.

वावरातल्या कामाबद्दल घरचे अगदीच चूक नाहीत. निंदण, वेचणी यांनी दमसास येतो, उन्हाची सवय होते, तासन्‌तास उभं राहवतं. पण त्या कामात कंबर वाकते आणि हात चालतात. स्वतःचं सगळं वजन एका मांडीवर पेलून वर उचलायची वेळ क्वचित येते. चढावर नेमकं तेच, हजारो वेळा. सपाट चालताना भार पेलणारा गुडघा जेमतेम वाकतो, मांडीचा पुढचा मोठा स्नायू आणि कुल्ला जवळपास सुट्टीवरच असतात. गिरडला पिंडऱ्या भरल्या त्याचं कारणही हेच. मांड्या-कुल्ल्यांना काम येत नव्हतं, म्हणून तुम्ही चवड्यांवर चढत गेलात आणि सगळा भार पिंडऱ्यांवर पडला.

जिममधल्या ट्रेडमिलला १५ टक्के चढ देऊन ताशी ४ किलोमीटरनं चाललं तर तासाला ६०० मीटर चढ होतो, हे खरं. पण एक तर रोज हिंगणघाटला जाणं-येणं, आणि दुसरं म्हणजे ट्रेडमिलवर सहसा उतार नसतो. तुमचं दुखणं तर उतरतानाचं आहे.

उतरण्याकडे फार जण लक्षच देत नाहीत. चढताना दम लागतो, म्हणून सगळी तयारी दमासाठी. उतरताना दम लागत नाही, पण मांडीच्या स्नायूला ताणलं जात असतानाच वजन अडवून धरावं लागतं. भरलेली बंडी उताराला लागली की बैलांना ओढायचं नसतं, मागे रेटून धरायचं असतं, तसं. या कामाची सवय नसलेल्या स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. तुमचे ते 'दोन दिवस' त्यातलेच. दिलासा एवढाच, की असा उतरण्याचा ताण एकदा थोडा दिला की स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाला बरेच कमी दुखतात. म्हणून उतरण्याचा सराव पहिल्या आठवड्यापासून हवा, शेवटी घाईघाईनं नको.

सुरुवात करण्याआधी एक काम करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरतात आणि आपल्याकडे तो सर्रास आढळतो. रक्तच कमी असेल तर चढावर धाप लागणार, आणि तुम्ही समजाल की व्यायाम कमी पडतोय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहासोबत घेऊ नका. चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. चालताना छातीत दाब येणं, चक्कर येणं, गुडघ्याला सूज येणं, गुडघा अडकणं किंवा अचानक 'सुटल्यासारखा' होणं, यातलं काहीही असेल तर हा सल्ला बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

आता साहित्य. बांधकामाच्या दुकानातून सिमेंटचे दोन भरीव आठ इंची ब्लॉक आणा. प्रत्येकाची लांबी ४० आणि रुंदी-उंची २० सेंटीमीटर. दोन्ही चिकटून ठेवले की ४० बाय ४० चा, २० सेंटीमीटर उंच ओटा तयार होतो. अंगणात घट्ट, सपाट जागी ठेवा. गुळगुळीत फरशीवर ठेवणार असाल तर खाली गोणपाट घाला, नाहीतर ब्लॉक सरकतात. बाजूला भिंत किंवा खांब हवा, तोल गेला तर हात टेकायला. घराचा ओटा यासाठी वापरू नका. तो बहुधा गुडघ्याइतका उंच असतो, आणि सुरुवातीलाच एवढ्या उंचीवर चढ-उतार केली की गुडघा बोलतो. पाण्याच्या टाकीच्या शिडीवर तर मुळीच जाऊ नका. तिथं चढायला मनाई असते, उभ्या शिडीवर हात जास्त दमतात, आणि पाय घसरला तर खाली कुणी नसतं.

ब्लॉकवर चढताना अख्खं पाऊल ब्लॉकवर ठेवा, टाच बाहेर लोंबू देऊ नका. टाचेवर भार देऊन वर या. मागच्या पायानं जमिनीला रेटा देऊन उडी मारल्यासारखं वर येणं ही सगळ्यांची चूक असते. तसं केलं तर मांडीला काम उरत नाही. गुडघा पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, आत झुकू देऊ नका. भाच्यांना मोबाइलवर समोरून काढलेला व्हिडिओ पाठवा, गुडघा आत जातोय का ते लगेच दिसेल. दहा वेळा उजवा पाय आधी, मग दहा वेळा डावा. सगळे नकळत एकाच पायानं सुरुवात करत राहतात. वर एकदा, खाली एकदा, हे मिळून एक मोजा. पाच वेळा चढलात की एक मीटर. आकडा विसरायला होतं, म्हणून वाटीत तुरीचे दाणे घ्या आणि दर पन्नासाला एक दाणा दुसऱ्या वाटीत टाका. वीस दाणे म्हणजे २०० मीटर.

चढण्याचे दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहिल्या आठवड्यात १० मिनिटं, मिनिटाला १५ च्या गतीनं, म्हणजे जेमतेम ३० मीटर. कमी वाटेल, वाटू द्या. दुसऱ्या आठवड्यात १५ मिनिटं, तिसऱ्यात २०. चौथ्या आठवड्यात परत १०, कारण स्नायूपेक्षा गुडघ्याभोवतीच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना, जुळवून घ्यायला जास्त वेळ लागतो. पाचव्यापासून पाठीवर २ किलो वजन घ्या आणि २५, ३०, ४० असं वाढवा. गती मिनिटाला १८ पर्यंत नेता आली तर न्या. त्या गतीनं ४० मिनिटांत सुमारे १४५ मीटर होतात. आठव्या आठवड्यात पुन्हा निम्मं. नवव्यापासून वजन ४ किलो आणि वेळ ४० मिनिटांवरच थांबवा. तिथून पुढची वाढ रविवारी होईल.

वजन म्हणजे पाण्याच्या बाटल्या, एक लिटरची एक म्हणजे एक किलो. खरा फायदा असा, की गुडघा कुरकुरायला लागला तर वजन तिथल्या तिथं ओतून देता येतं. पिशवी पाठीला घट्ट बसली पाहिजे. मुलांच्या शाळेचं दप्तर खाली लोंबतं आणि प्रत्येक पावलाला मागे खेचतं. छातीवर आणि कमरेवर पट्टा असलेली सॅक घ्या.

प्रत्येक वेळी ब्लॉक झाल्यावर उतरण्याचे तीन संच. ब्लॉकवर उभं राहायचं, एक पाय पुढे काढून टाच जमिनीला लागेपर्यंत सावकाश खाली जायचं, मनात एक-दोन-तीन मोजत. टाच नुसती टेकवायची, भार द्यायचा नाही, आणि वरच्या पायाच्या बळावर परत उभं राहायचं. प्रत्येक पायानं आठ वेळा. 'तीन' पर्यंत पोचायच्या आत पाय धप्पकन खाली आला, तर मांडी अजून तयार नाही असं समजा. तुमच्या उजव्या गुडघ्यासाठी सुरुवातीचे तीन आठवडे हे चार इंची, म्हणजे १० सेंटीमीटरच्या ब्लॉकवरून करा. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलं तर चालू ठेवा. सकाळीही तेवढंच दुखत असेल तर उंची कमी करा, संख्या नाही.

पिंडरीसाठी ब्लॉकच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली सोडायची आणि वर उचलायची, पंधराचे दोन संच, पुढे वीसचे तीन. दात घासताना एका पायावर उभं राहा, पाऊण मिनिट जमलं की पाय बदला. घोट्याची लवचिकता तुमच्याकडे आधीच असावी, उकिडवं बसायची सवय मोडलेली नसेल तर.

मंगळवार आणि गुरुवारी तुमचं चालणं, पण डांबरी रस्ता सोडा. पांदण रस्ता किंवा तलावाची पाळ बरी. तिथं पाऊल वेडंवाकडं पडतं, घोट्याला तोल सांभाळायची सवय होते. पाळीवर वाहनं जाण्याचा जो उतरता रस्ता असतो, त्यावरून दहा-बारा वेळा वर-खाली करा. पाळीच्या पोटाला लावलेल्या दगडांवर चढू नका, ते निसटतात. ऑक्टोबर सरेपर्यंत काळ्या मातीचा चिखल बुटाला किलोभर चिकटतो, तेव्हा वावरातून जाण्यात अर्थ नाही. आणि पहाटे अंधारात धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधानं, चालायचंच नाही, सापांचे दिवस आहेत. दिसायला लागल्यावर निघा आणि ऊन चटका द्यायच्या आत परत या.

रविवार हा मोठा दिवस. शेजाऱ्यांच्या स्लॅबचा जिना मागून घ्या. कठडा असलेलाच हवा. पाचव्या आठवड्यात २० फेऱ्या, मग ३०, मग ४५. आठव्यात २०. नवव्यात ६०, दहाव्यात ८०, अकराव्यात १००, बाराव्यात १३०. मिनिटाला एक फेरी धरली तर १३० फेऱ्यांना जवळपास सव्वादोन तास लागतात आणि ३९० मीटर होतात. कंटाळवाणं आहे यात वादच नाही, रेडिओ लावा. यातले दोन रविवार गिरडला घाला आणि टेकडी एकदा नव्हे, तीन-चार वेळा चढा-उतरा. पायऱ्या मोजून ठेवा, म्हणजे मीटर काढता येतील. सोयाबीनची सवंगणी किंवा दिवाळी यात एखादा आठवडा जाणारच. तो भरून काढायला पुढच्या आठवड्यात दुप्पट करू नका, ज्या आठवड्यावर थांबलात तोच पुन्हा करा. गुडघे दुखवून घेणाऱ्यांपैकी बरेच जण याच दुपटीत दुखवून घेतात.

तेरावा आठवडा निम्मा. त्यातला शेवटचा उतरण्याचा सराव डोंगराच्या आठ-दहा दिवस आधी संपवा. चौदाव्यात फक्त सपाट चालणं. शेवटच्या आठवड्यात केलेल्या व्यायामाचा फायदा अंगात उतरायला वेळच उरत नाही, थकवा तेवढा सोबत येतो.

बुटांचं आत्ताच बघा, डिसेंबरात नको. तळव्याला खोल खाचा असलेले स्पोर्ट्स शूज घ्या. घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. बूट घालून उतरत्या जागी उभं राहा, बोटं पुढे आपटता कामा नयेत, टाचेमागे बोट जाईल एवढी जागा हवी. उतरताना बोटं पुढे ठेचकाळली की नख काळं पडतं. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा, आणि उतरायच्या वेळी नाडी घोट्यापाशी आवळून बांधा म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. नवेकोरे बूट डोंगरावर न्यायचे नाहीत, त्याआधी त्यांत पन्नासेक किलोमीटर चालणं झालं पाहिजे. मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, कातडी मऊ पडते आणि फोड येतो. साडीऐवजी सलवार किंवा ट्रॅक पँट. एक हलकी बांबूची काठी, जमिनीवर टेकली की कोपर काटकोनात राहील एवढी. उतरताना ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, म्हणजे तुमच्या डाव्या हातात धरायची.

कळसूबाईच्या वाटेवर कड्याच्या जागी लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. त्यांची धास्ती मनातून काढायला घरच्या निसणीवर सराव करा. कुणीतरी खाली धरून उभं राहू दे. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले, एका वेळी एकच हलवायचा. उभी शिडी असेल तर उतरतानाही तोंड शिडीकडेच. काठी आधीच सॅकला बांधून टाका.

उंचीवरची विरळ हवा, डोकेदुखी वगैरे कुणी घाबरवत असेल तर सोडून द्या. तो त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो.

बारावा आठवडा संपेपर्यंत दोन गोष्टी जमल्या पाहिजेत. ४ किलो वजन घेऊन साडेतीनशे मीटर चढ-उतार, आणि दुसऱ्या सकाळी गुडघ्यानं कुरकुर न करणं. पहिली जमली नाही तर नेट धरून सावकाश जा, वेळ जास्त लागेल इतकंच. दुसरी जमली नाही तर मात्र भाच्यांना स्पष्ट सांगा, की आत्या अर्ध्या वाटेपर्यंत येईल. शिखरावर पोचलेला दुखरा गुडघा खाली आणायची दुसरी सोय तिथं नाही.

त्या दिवशी तासाला ३०० मीटर चढण्याचा वेग धरा, म्हणजे वर जायला तीन तास, आणि थांबे वेगळे. पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू. एक अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. भाचे पुढे पळतील, पळू द्या. पावलं लहान टाका. उभ्या चढावर प्रत्येक पावलाला मागचा पाय क्षणभर सरळ ताठ करा, भार हाडावर जातो आणि मांडीला तेवढीच उसंत मिळते. दर पाच मिनिटांनी बसण्यापेक्षा तासातून एकदा पाच मिनिटं टेका. माणशी ३ लिटर पाणी, त्यातलं एक लिटर मीठ-साखर-लिंबू घातलेलं. सोबत फुटाणे, गूळ-शेंगदाणे, केळी. भूक लागायची वाट न पाहता तासातासाला मूठभर खा. सकाळी तर्री-पोहे नकोत, तिखट-तेलकट चढावर घशाशी येतं. वर वारा बोचरा असतो आणि अंग घामानं ओलं असतं, म्हणून स्वेटर अंगावर न घालता सॅकमध्ये ठेवा आणि वर पोचल्या पोचल्या घाला. उतरताना गुडघा किंचित वाकलेला ठेवून पाऊल टाका, ताठ पायावर आपटत उतरलात की धक्का थेट सांध्याला बसतो.

भाचे रात्री चढून सूर्योदय पाहायचा आग्रह धरतील. पहिल्या खेपेला, दुखऱ्या गुडघ्यानं, अंधारात नको. बारीतून सकाळी सहाच्या सुमारास निघा, आणि शनिवार-रविवार सोडून मधला वार निवडा. सुट्टीच्या दिवशी शिड्यांपाशी रांग लागते, गरम झालेले पाय तिथं उभ्या-उभ्या गार पडतात आणि मागून लोक घाई करत असतात.